स्वीकार कोणी करायचा?

कोकणात जमिनीचा विषय निघाला की बोलणं कुठूनही सुरू झालेलं असो, ते हमखास एका वाक्यापाशी येऊन अडतं: बदल हा निसर्गाचा नियम आहे. सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, विकला गेला, चिरेखाण आली, मोजणीची माणसं आली, रस्त्यासाठी डोंगर उभा कापला, ऐन मोहोरात पाऊस पडला, खाडीचं खारं पाणी भातखाचरात शिरलं. प्रसंग वेगवेगळे, उत्तर एकच. प्रवचनात तेच, ग्रामसभेत तेच, सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचारातही तेच. झाड पानांना धरून ठेवत नाही, नदी पाण्याला धरून ठेवत नाही, मग तुम्ही कशाला अडून बसता? याला विरोध करणारेही फार पुढे जात नाहीत. निसर्ग होता तसा राहू द्या, आमचं कोकण होतं तसं राहू द्या, एवढंच ते म्हणतात. पहिल्यांना वाटतं दुसरे मोहात अडकलेत, दुसऱ्यांना वाटतं पहिले विकले गेलेत. या हाणामारीत ज्यावर खरा वाद व्हायला हवा ते बाजूलाच राहतं.

माझं मत आधीच सांगतो. निसर्गातलं अखंड बदलणं पाहून मन शांत करायला शिकणं ही खरी साधना आहे, आणि तिला मी मनापासून मानतो. पण ही साधना ज्याची त्याने करायची असते. दुसऱ्याला, त्यातही ज्याचं काहीतरी जाणार आहे त्याला, ती आज्ञा म्हणून सुनावता येत नाही. शिवाय बदल स्वीकारणं म्हणजे जे होईल ते होऊ देणं, हा अर्थ निसर्गातून निघत नाही आणि आपल्या संतांच्या वागण्यातूनही निघत नाही. दोन्हीकडे तो बाहेरून आणून चिकटवलेला आहे.

निसर्गाकडून शिकायचं तर आधी निसर्ग नीट बघायला हवा, आणि बदल बघायला सड्यासारखी जागा नाही. मे महिन्यात रत्नागिरी-राजापूरकडच्या कुठल्याही सड्यावर उभं राहून बघा. नजर जाईल तिथवर काळपट तांबडा जांभा, भेगांमधून वाळून करडं झालेलं गवत, चपलेतून वर येणारा चटका. सावलीला झाड नाही. महसुली कागदात अशा जमिनीला पडीक म्हणतात, आणि मे महिन्यात ते कोणालाही पटेल. मग पाऊस लागतो. आठवड्याभरात त्याच कातळाच्या फटींतून दीपकाडीचे दांडे वर येतात आणि त्यांना पांढरी फुलं लागतात. ही दीपकाडी कोकणातल्या सड्यांची, जगात इतरत्र कुठे आढळत नाही. वर्षाचा बहुतेक काळ तिचा कांदा मूठभर मातीत गाडून घेऊन पडलेला असतो. तिची फुलं ओसरली की खोलगट जागी साचलेल्या पाण्याच्या कडेने सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, इतकी की लांबून पाणीच रंगीत वाटावं. त्यांच्यात पांढरे गेंद मिसळतात. श्रावण सरता सरता पिवळा कवला पसरतो, कडेच्या मातीत तेरडा उभा राहतो. दिवाळीच्या सुमारास गवत पिवळं पडतं, गुरं वर चढतात, आणि बघता बघता सडा पुन्हा मे महिन्यातल्यासारखा होतो. कोणाच्या वाट्याला तीन आठवडे, कोणाच्या वाट्याला महिना. एकही फूल आपली पाळी संपल्यावर रेंगाळत नाही.

हे बघून ज्याला अनित्यतेचा धडा सुचत नाही तो दगडच म्हणायचा. पण धडा इथेच संपवून घरी जाणं ही अर्धी शिकवणी झाली. जरा खाली बसून, गुडघे टेकून बघायला हवं. सीतेची आसवं ज्या चिखलात उभी आहेत त्यात नत्र जवळजवळ नसतंच. म्हणून या इवल्या झाडाच्या मुळासारख्या धाग्यांना बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव तिला लागला की तोंड उघडतं, जीव आत ओढला जातो, तोंड मिटतं. ज्या फुलाकडे बघून आपण अनासक्ती शिकतो ते फूल पोटासाठी शिकार करत असतं. शेजारच्या कोरड्या खडकावर काही गवतं आणि नेचे असे आहेत की पाऊस थांबला की पानं गुंडाळून घेतात, अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गेलं तरी मरत नाहीत, आणि पाणी मिळताच थोड्याच तासांत पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत. वाळताना त्या नुसत्या पडून राहत नाहीत. पेशी फुटू नयेत म्हणून आत साखरेसारखे पदार्थ साठवतात, पानं ठराविक घडीत मिटतात, कोरडेपणाची पूर्वतयारी शेवटच्या ओलीतच उरकून घेतात. डबक्यांत राहणारे कोळंबीच्या कुळातले इवले जीव पाणी आटण्याआधी अंडी घालतात, आणि ती अंडी वाळक्या गाळात पुढच्या पावसाची वाट बघत टिकतात. यातलं कोण 'जे होईल ते होवो' म्हणतंय? सड्यावरचा प्रत्येक जीव बदलाला मान देतो, आणि त्याच वेळी बदलात आपलं बी, आपला कांदा, आपली अंडी शाबूत राहावीत म्हणून जिवाचं रान करतो. बदलाचा स्वीकार आणि टिकण्याची धडपड एकाच मुळावर वाढतात, हे मला सड्याने शिकवलं. उपदेश करणारे त्यातलं अर्धंच घेतात.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बदलाचा वेग. सड्यावरची सगळी तयारी ओळखीच्या बदलासाठी आहे. पाऊस जाणार आणि येणार, हे लाखो वर्षं घडत आलं म्हणून कांद्याला जमिनीखाली थांबणं जमलं. खुद्द जांभा असाच तयार झाला आहे. कृष्णप्रस्तराचा मूळ काळा दगड उन्हापावसात लाखो वर्षं झिजत राहिला, त्यातली वाळूच्या जातीची द्रव्यं पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, त्याचा हा तांबडा, सच्छिद्र दगड झाला. त्या छिद्रांतून पाऊस आत मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना महिनोन्‌महिने पाझरत राहतो. वाडीतल्या विहिरीला मार्चमध्ये पाणी असतं ते वरच्या 'पडीक' कातळामुळे. हा थर चिरेखाणीत काही हंगामांत उचलला जातो. दोन्ही बदलच. पण लाख वर्षांच्या बदलाला आणि दोन हंगामांच्या बदलाला एकच शब्द लावून दोन्ही सारखेच निसर्गनियमाचे म्हणायचे, हा विचार झाला की विचाराची पळवाट?

आता समोरच्यांचं सर्वांत जोरकस म्हणणं मांडतो, कारण ते पुष्कळदा नीट मांडलंही जात नाही. निसर्ग काही ऋतुचक्रासारखा फिरून परत येणारा, मायाळू बदलच करत नाही. तो कायमचंही पुसून टाकतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले तेव्हा त्याखालच्या रानाला कोणी विचारलं नव्हतं. याचा पुरावा त्याच सड्यांवर कोरलेला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या सड्यांवर प्राचीन माणसाने कातळशिल्पं खोदली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत इतर प्राणी, पक्षी, मासे कोरलेले आहेत. या शिल्पांमध्ये गेंडा आहे. आज कोकणात गेंडा नाही. ज्या हातांनी तो कोरला त्यांची भाषा, त्यांचे देव, त्यांची नावं, काहीच उरलेलं नाही. निसर्गाने गेंडा राखला नाही, माणसांची ती अख्खी दुनिया राखली नाही, मग तुमची वाडी, तुमची आमराई, तुमचा सडा त्याने का राखावा? आणि ज्याला 'आमचं पारंपरिक कोकण' म्हणता ते तरी किती जुनं? काजू १६व्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. हापूसच्या नावातच अफोन्सो द अल्बुकर्क हा पोर्तुगीज आहे. चौल आणि दाभोळ एके काळी जगभरच्या व्यापाराची बंदरं होती, आज ती शांत गावं आहेत. जे स्वतः बदलातून जन्मलं त्याने बदल अडवावा हे कोणत्या न्यायाने?

यातली एकही गोष्ट खोटी नाही. 'होतं तसं ठेवा' म्हणणाऱ्यांकडे याला उत्तर नाही आणि नसणारच, कारण 'होतं तसं' असा कुठलाही एक क्षण निसर्गात सापडत नाही. पण या सगळ्यातून 'म्हणून तुम्ही उठा' हे अनुमान कसं निघतं? मरण नैसर्गिक आहे म्हणून खून नैसर्गिक ठरत नाही. गेंडा गेला तो हवामान पालटल्यामुळे की माणसाने मारल्यामुळे, हा प्रश्नच तर महत्त्वाचा आहे, आणि 'बदल हा नियम' एवढं म्हटलं की तो विचारताच येत नाही. लाव्हाला सही करावी लागत नव्हती. आजच्या बदलांना सही लागते, अधिसूचना लागते, कर्ज लागतं, निविदा लागते. जिथे सही आहे तिथे सही करणारा आहे, आणि त्याला का, कशासाठी, कोणाच्या जिवावर, हे विचारता येतं. निसर्गाला हे प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणूनच त्याच्यापुढे हात जोडायचे. माणसाच्या निर्णयाला निसर्गाचं नाव दिलं की त्याच्यापुढेही हात जोडावे लागतात. हे नामकरण ज्यांच्या सोयीचं आहे ते कोण, हे ज्याने त्याने बघावं.

हे नामकरण नवं नाही. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात पाऊस आला नाही, हे निसर्गाचं. पण त्या काळात दुष्काळी कामावर राबणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडेसे पैसे पुरतात, हे रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने ठरवलं होतं. धान्याच्या बाजारात सरकारने हात घालायचा नाही, हे कलकत्त्यात ठरलं होतं. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्या कमी शिध्यावर काम करायला नकार दिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. पाऊस का पडला नाही असं त्यांनी विचारलं नाही, शिधा का कापला असं विचारलं. निसर्गाचं किती आणि माणसाचं किती हे वेगळं काढण्याची शिस्त त्यांच्याकडे दीडशे वर्षांपूर्वी होती. आपण ती कुठे हरवली?

मोहाचा आरोप मला याहून खोल वाटतो, कारण तो अध्यात्माच्या भाषेत येतो आणि माणसाला आतून गप्प करतो. जमीन कोणाची झाली आहे? घर कोणाबरोबर गेलं आहे? 'ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान' असं तुकोबांनी सांगितलं नाही का? सांगितलं, आणि ते माझ्याही रोजच्या आधाराचं आहे. पण ज्याने हे सांगितलं त्याने स्वतः काय केलं ते बघू. १६३०च्या आसपासच्या भीषण दुष्काळात तुकोबांच्या घरात माणसं अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. त्यांच्या घरची सावकारी होती. परंपरा सांगते की लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या खतांची त्यांनी भावाबरोबर वाटणी केली आणि स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. अनित्यतेचा धडा त्यांनी असा अमलात आणला. दुष्काळात सगळं वाहून गेलंच आहे, तेव्हा तूही तुझं शेत सोड, असं ते कुणब्याला म्हणाले नाहीत. सोडलं ते सावकाराने. ज्याच्या हातात खत होतं त्याने. आणि पुढे त्यांच्याच अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायची पाळी आणली गेली, तेव्हा 'ठेविले अनंते' म्हणून ते गप्प घरी बसले नाहीत. नदीकाठी धरणं धरून बसले. तेरा दिवस अन्नपाणी सोडून बसले असं परंपरा सांगते. स्वतःच्या मालमत्तेच्या बाबतीत इतका मोकळा माणूस वाणीचा हक्क हिरावला गेला तेव्हा इतका अडून बसतो, याचा अर्थ आपण कधी लावणार?

माझ्या मते आजच्या उपदेशाची दिशाच उलटी झाली आहे. वैराग्याचा उपदेश नेहमी ज्याच्याकडे दोन गुंठे आहेत त्यालाच का होतो? हजार एकर घेणाऱ्याला 'मोह सोडा' असं म्हटलेलं कोणी ऐकलं आहे? मिळवण्याची ओढ हीसुद्धा आसक्तीच आहे, आणि धरून ठेवण्याच्या ओढीपेक्षा ती काही कमी चिवट नसते. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, सड्यावरचं गवत, गुरं, वरकस जमिनीवरची नाचणी-वरी, पायथ्याची विहीर. दुसऱ्या बाजूला नकाशा बघून भाव येईल म्हणून आधीच घेऊन ठेवलेली जमीन. यातला कोणता हात आधी सैल व्हायला हवा? २०२३च्या एप्रिलमध्ये राजापूरजवळच्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षणाची यंत्रं आली तेव्हा गावातल्या बाया भर उन्हात तापलेल्या कातळावर बसल्या. त्याच बारसूची कातळशिल्पं आदल्याच वर्षी, २०२२ मध्ये, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली होती. प्रकल्प हवा की नको यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण त्या बायकांना 'बदल स्वीकारायला शिका' म्हणणं, ज्यांची उभी हयात पावसाच्या लहरीवर गेली त्यांना बदल म्हणजे काय ते समजावणं, हा नुसता उद्धटपणा आहे.

अनित्यतेची सगळ्यात कसून मांडणी ज्यांनी केली त्यांचं काय? कुशिनारा इथे देह ठेवताना बुद्धांनी शेवटचं जे सांगितलं त्याचा पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो: घडलेलं सगळं नाश पावणारं आहे. त्याच दमात दुसरा भाग येतो: गाफील न राहता आपलं काम पुरं करा. सगळं बदलतं, म्हणून जागं राहायचं. बाबासाहेब आंबेडकरांनी हे सूत्र समाजाला लावलं. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं, मंडळाने ते वाचून परिषदच रद्द केली, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्याच्या अखेरच्या भागात ते म्हणतात की काहीच स्थिर नाही, काहीच शाश्वत नाही, काहीच सनातन नाही, आणि बदल हा माणसाच्या तसाच समाजाच्या जीवनाचा नियम आहे. हुबेहूब तेच वाक्य जे आज सड्यावरच्या माणसाला गप्प करायला वापरलं जातं. पण त्यांनी ते वरच्याला ऐकवलं. ज्याला आपली व्यवस्था अमर वाटत होती त्याला. सगळं बदलणारं आहे तर तुमची उतरंडही बदलणारीच आहे, तेव्हा ती सोडा. त्याच बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक आणलं. त्याआधीपासून, १९३३ पासून, अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतली कुळं नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संपावर होती. १९३९ पर्यंत त्यांनी शेतं पडीक ठेवली, लाकडं विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण खोतासाठी नांगर धरला नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. कोकणातला हा गेल्या शतकातला सगळ्यात मोठा बदल, आणि तो कोणी निमूट स्वीकारल्यामुळे झाला नाही. नकार देणाऱ्यांनी तो घडवला.

म्हणूनच माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचं आहे. 'पूर्वीचं कोकण' म्हणून जे चित्र रंगवलं जातं त्यात खोत कुठे असतो? कौलारू घर, पडवी, माड, गणपती, सगळं असतं. अर्धा वाटा खोताच्या घरी पोचवणारा कुळवाडी नसतो. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चूल पेटणारी घरं नसतात. गिरणीत राबणारा नवरा वर्षातून एकदा शिमग्याला किंवा गणपतीला बघणारी बाई नसते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा तिनेही डोंगर फोडले, शेतं घेतली, आणि तरी आज ती नसती तर बरं होतं असं म्हणणारा माणूस कोकणात मला भेटलेला नाही. काम मिळावं म्हणून बदल मागणारा वीस वर्षांचा पोरगा निसर्गद्रोही नाही. त्याची मागणी या सगळ्या वादातली सगळ्यात वजनदार आहे आणि तिचं उत्तर फुलांचे फोटो दाखवून देता येत नाही. पण मग ती मागणी तिच्या खऱ्या नावाने पुढे यावी. किती रोजगार, कोणाला, किती वर्षं, त्याच्या बदल्यात कोणतं पाणी, कोणता मासा, कोणती आमराई. हा हिशेब मांडला की वाद होऊ शकतो, तडजोड होऊ शकते, होकारही मिळू शकतो. हिशेबाच्या जागी निसर्गनियम ठेवला की त्या पोराचीही फसवणूक होते, कारण त्याला आश्वासनाऐवजी सुविचार मिळतो.

खरा स्वीकार कसा दिसतो ते कोकणाने नुकतंच पाहिलं आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर जे चक्रीवादळ धडकलं त्याचं नावही निसर्गच होतं. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या वाड्यांमध्ये सुपाऱ्या आणि माड एका दुपारी आडवे झाले. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, माडालाही जवळपास तेवढीच. ज्या बागायतदाराचं वय सत्तर आहे तो नवं रोप लावताना काय विचार करत असेल? आपण हे पीक खाणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तरी खड्डा खणला जातो, रोप उभं राहतं, पाणी दिलं जातं. यात गेलेल्याचं दुःख आहे, पण वाऱ्याशी भांडण नाही. आणि त्याच माणसाने पंचनाम्यात झाडं कमी का धरली, नुकसानभरपाई झाडामागे इतकी थोडी का, म्हणून तलाठ्याकडे हेलपाटेही घातले. मला या दोन कृतींत विरोध दिसत नाही. वादळ निसर्गाचं होतं, ते त्याने सोसलं. पंचनामा माणसाचा होता, त्याचा जाब त्याने विचारला. अरबी समुद्राचं तापणं, त्यातून वाढत चाललेली वादळं, यात तर निसर्ग आणि माणूस दोघांचे हात मिसळले आहेत, आणि म्हणून तिथे सोसण्याबरोबर जाब विचारणंही वाढायला हवं.

यावर कोणी म्हणेल, इतकं वेगळं काढत बसलं तर मनाला शांती मिळणार कधी? साधनेचा उद्देशच हा की हिशेब सुटावेत. मला हे म्हणणं समजतं. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, ज्याला दुर्धर आजार झाला, ज्याची बाग गेली, त्याला रात्री झोप यायला 'सगळं बदलतं' हा एकच आधार असतो, आणि तो हिसकावून घेण्याचा अधिकार मला नाही. आपल्या दुःखाशी एकट्याने बसलेल्या माणसाने सड्याकडे बघावं, वाळलेल्या गवताकडे बघावं आणि शांत व्हावं. मीही तेच करतो. पण ग्रामसभा ही एकट्याने बसण्याची जागा नाही. तिथे बोलणाऱ्याच्या शब्दाने दुसऱ्याचं काही जाऊ शकतं. स्वतःच्या दुःखावर लावायचं औषध दुसऱ्याच्या हक्कावर लावलं की त्याचं विष होतं. गीतेत श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की जन्मलेल्याला मरण निश्चित आहे, जे टळणार नाही त्याचा शोक करू नकोस. हे ऐकून अर्जुन धनुष्य खाली ठेवून घरी जात नाही. ते तर त्याने आधीच खाली ठेवलं होतं. ऐकल्यानंतर तो ते उचलतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. कोणत्याही सड्याचा निकाल मे महिन्यातल्या पाहणीवरून लावू नये. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, प्रत्येक महिन्यात तिथे माणूस जावा, काय उगवलं, कुठे पाणी साचलं, कोणत्या विहिरीला त्याचा पाझर आहे, कातळावर काय कोरलेलं आहे, हे त्याने लिहावं, आणि ते मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. 'पडीक' हा शेरा त्यानंतरच मारावा. गुरं चारणाऱ्याची, गवत कापणारीची वहिवाट सातबाऱ्यावर नसली तरी ती नोंदवून घ्यावी. ग्रामसभा शेतीच्या कामांची घाई नसताना घ्यावी, आणि मुंबईकर चाकरमान्यांना आधी कळवावी. जमिनीचे मोठे व्यवहार आधी कोणी केले, कधी केले, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. आणि व्यासपीठावरून ज्याला 'बदल हा निसर्गाचा नियम आहे' असं म्हणायचं असेल, त्याने त्याच भाषणात सांगावं की या बदलात त्याचं स्वतःचं काय जाणार आहे.